मोकळ्या बाजाराला वाली कोण?



२०२५ च्या हंगामात कापूस वेचणीला आला तेव्हा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला ८,११० रुपये, आणि व्यापारी त्याच्या खालीच बोलत होते. त्या दिवसांत एका बैठकीत एक म्हातारे शेतकरी उठले आणि म्हणाले, "भाऊ, तुम्ही संघटनावाले इतकी वर्षं बाजार मोकळा करा म्हणता. मोकळा झाला तर माझा कापूस घेईल कोण? आज तर सरकारचंच दार ठोठावून राहिलो ना आपण?"

बैठकीत हशा झाला. आम्ही हसलो नाही. या प्रश्नाला सरळ उत्तर देता येत नसेल त्याने बिल्ला लावून गावात जाऊ नये. म्हणून या अंकात दुसरे काही न लिहिता त्या प्रश्नाचेच उत्तर देतो आहोत.

पहिली गोष्ट. तो भाव पडला कसा? कापसाच्या आयातीवर ११ टक्के कर होता. १९ ऑगस्ट २०२५ पासून तो सरकारने उठवला, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे आपल्या घरात कापूस येण्याचे जे महिने, नेमक्या त्याच महिन्यांत बाहेरच्या गाठींना दार उघडले. जगातही भाव मंद होते, हे आम्ही लपवत नाही. पण मंदीत पडलेल्या माणसाच्या अंगावर आणखी ओझे टाकायचे आणि मग त्याला हात देऊन उठवल्याचा फोटो छापायचा, याला बाजार म्हणत नाहीत.

कोणी म्हणेल, आयात खुली झाली, हाच तर तुमचा मोकळा बाजार! नाही. मोकळ्या दाराने माल येतो तसा जातोही. आपले दार एकाच बाजूने उघडते. आठवून पाहा. एप्रिल २०१० मध्ये कापसाची निर्यात थांबवली. त्याच्या पुढच्या हंगामात जगात रुईचा भाव पाउंडाला दोन डॉलरच्या वर गेला, तेव्हा आपल्या निर्यातीला ५५ लाख गाठींची वेसण घातली. मार्च २०१२ मध्ये पुन्हा निर्यातबंदी केली. ओरड झाली म्हणून आठवडाभरात माघार घेतली. एप्रिल २०२२ मध्ये कापूस दहा हजारांच्या वर गेला, तेव्हा आयातकर उठवला. आणि मग ऑगस्ट २०२५. भाव चढला की सरकार गिरणीवाल्याच्या बाजूने मध्ये पडते. भाव पडला की तेच सरकार म्हणते, काय करणार, बाजार आहे! चढत्या भावाला सरकार आणि पडत्या भावाला बाजार, अशी ही वाटणी आहे. असला बाजार आम्ही कधी मागितला नव्हता.

बंडीखालच्या रात्री

ज्यांना वाटते की सरकारने सगळा कापूस घ्यावा म्हणजे प्रश्न मिटेल, त्यांच्यापैकी जे तरुण आहेत त्यांना महाराष्ट्राची एकाधिकार खरेदी माहीत नाही. १९७१ चा कायदा, १९७२ पासून खरेदी. हेतू चांगला सांगितला होता: व्यापाऱ्याची लूट थांबवायची. तीस वर्षांनी काय उरले? तोट्याचे डोंगर आणि थकलेले चुकारे.

आम्ही लहान असताना बापाच्या बंडीवर बसून खरेदी केंद्रावर जात असू. एका वर्षी दोन रात्री बंडीखाली काढल्या. बैलांना घरून आणलेला कडबा संपला. तिसऱ्या दिवशी नंबर लागला. ग्रेडरने मूठभर कापूस उचलला, बोटांत ओढला आणि एक शब्द न बोलता खालचा ग्रेड लिहिला. बाप काही बोलला नाही. बोलून जाणार कुठे? दुसऱ्याला कापूस विकणे गुन्हा होता आणि राज्याच्या सीमेवर पोलिस उभे होते. वर्षभर राबून पिकवलेला स्वतःचा कापूस सीमेपलीकडे नेला म्हणून शेतकऱ्याला चोरासारखे पकडत.

पुढे आम्ही कृषीची पदवी घेतली. धाग्याची लांबी, ताकद, तलमपणा मोजायला शिकलो. तेव्हा कळले की बापाचा कापूस हलका नव्हता. बापाकडे दुसरे गिऱ्हाईक नव्हते, एवढाच त्याचा दोष. मालाचा कस शेतात ठरतो. पण मालकाचा कस, त्याला "नाही" म्हणता येते की नाही यावर ठरतो. स्वातंत्र्याची आम्हाला समजलेली व्याख्या एवढीच आहे. बाकीची पुस्तके आम्ही नंतर वाचली.

ज्वारीचे याहून वेगळे झाले नाही. साठ-सत्तरच्या दशकांत ज्वारीवर लेव्ही होती आणि ज्वारीच्या वाहतुकीवर बंधने. दुष्काळात अमेरिकेची तांबडी मिलो खाल्लेली पिढी अजून गावात आहे. नंतर लेव्ही गेली, पण रेशनवर स्वस्त गहू-तांदूळ आला; २०१३ च्या कायद्याने दोन आणि तीन रुपये किलोने, जानेवारी २०२३ पासून फुकट. गरिबाच्या पोटात अन्न जाते याबद्दल आमची तक्रार नाही. पण ज्या गावात ज्वारी पिकते त्याच गावात सरकार फुकट तांदूळ वाटते आणि २०२३ साल भरड धान्याचे वर्ष म्हणून साजरे करते, तेव्हा कोरडवाहू शेतकऱ्याने हसावे की रडावे? तेच पैसे गरिबाच्या हातात दिले असते, तर त्याने ज्वारी घ्यायची की तांदूळ, ते त्याने ठरवले असते.

१९९१ चे पाणी बांधाशी अडले

१९९१ मध्ये कारखानदाराचे परवाने सुटले. रुपयाचे अवमूल्यन झाले. सगळा देश उदारीकरण, उदारीकरण म्हणू लागला. पण त्यानंतरही दहा वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला कापूस कोणाला विकायचा ते ठरवायचा अधिकार नव्हता, आणि देशातून कापसाची निर्यात कोट्याने बांधलेली होती. १९५५ चा आवश्यक वस्तू कायदा तसाच राहिला. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आणलेले नववे परिशिष्ट, ज्यात टाकलेले कायदे न्यायालयाच्या पडताळणीपासून दूर ठेवले, तेही तसेच राहिले.

शरद जोशींनी डंकेल प्रस्तावाचे जाहीर समर्थन केले तेव्हा डावे-उजवे सगळे त्यांच्यावर तुटून पडले होते. १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना सुरू झाली. आपल्याला वाटले, आता जगाचे दार उघडेल. उघडले ते किलकिले, आणि कडी आतूनच लावलेली. विकसित देशांच्या संघटनेने भारतीय शेतीचा जो अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध केला, त्याचा निष्कर्ष असा की २०००-०१ ते २०१६-१७ या काळात सरकारी धोरणांनी भारतीय शेतकऱ्याला दिले त्याहून घेतले जास्त. त्याच्या ढोबळ उत्पन्नाच्या सरासरी १४ टक्के. खतावरची, विजेवरची सूट धरूनही ही उणे सबसिडी. आणि हातावर काय ठेवतात? २०१९ पासून केंद्राचे वर्षाला ६ हजार, २०२३ पासून राज्याचे आणखी ६ हजार. एका हाताने खिसा कापायचा आणि दुसऱ्या हाताने एसटीचे भाडे द्यायचे, असा हा व्यवहार आहे.

स्वातंत्र्य वटहुकुमाने येत नाही

आता २०२० च्या तीन कायद्यांबद्दल. या विषयावर आपल्या बैठकांत दोन तट पडतात, म्हणून स्पष्ट लिहितो. बाजार समितीच्या बाहेर विकण्याची मुभा, करार शेती, साठ्यावरची बंधने सैल, या तिन्ही गोष्टी आपण वर्षानुवर्षे मागत आलो होतो. तरी ते कायदे टिकले नाहीत. का?

पंजाबच्या शेतकऱ्याला शिव्या देऊन हे उत्तर सापडणार नाही. त्याचा गहू आणि धान सरकार जवळजवळ सगळा घेते. ते जाईल अशी भीती त्याला वाटली, आणि त्याच्या जागी आपण असतो तर आपल्यालाही वाटली असती. त्याच्या भीतीने आपला निर्णय झाला ही आपली तक्रार आहे. पण ती भीती दूर करणे कोणाचे काम होते? ५ जून २०२० ला, टाळेबंदीच्या काळात, वटहुकूम काढले. राज्यांना विचारले नाही, शेतकऱ्यांना विचारले नाही. संसदीय समितीकडे पाठवले नाही. २० सप्टेंबरला राज्यसभेत मतविभागणी मागितली, ती दिली नाही. आवाजी मतदानाने विधेयके मंजूर. शेतकरी दिल्लीच्या सीमेवर बसले तर रस्त्यात खिळे ठोकले. २०२१ च्या नोव्हेंबरात पंतप्रधानांनी कायदे मागे घेतल्याची घोषणा केली आणि २९ तारखेला दोन्ही सभागृहांनी चर्चेविना ते रद्द केले. आले वटहुकुमाने, गेले चर्चेविना. न्यायालयाने नेमलेल्या समितीने मार्च २०२१ मध्ये अहवाल दिला होता. कायदे गेले तरी तो झाकलेलाच. शेवटी समितीचे सदस्य अनिल घनवट यांनी मार्च २०२२ मध्ये तो स्वतःच जाहीर केला.

आणि हेतूबद्दल शंका असेल तर एक तारीख लक्षात ठेवा: १४ सप्टेंबर २०२०. त्या दिवशी शेतकऱ्याला मुक्त करणारी विधेयके लोकसभेत मांडली. त्याच दिवशी कांद्याची निर्यात बंद केली. महिनाभराने, साठ्याची बंधने सैल केल्याचा डंका वाजत असतानाच, कांद्याच्या घाऊक व्यापाऱ्याला २५ टनांची आणि किरकोळ व्यापाऱ्याला २ टनांची मर्यादा घातली. ज्याच्या तोंडी स्वातंत्र्य आणि हातात टाळे, त्याच्यावर शेतकरी विश्वास कसा ठेवील?

मोकळ्या बाजाराचा मोठा घात शत्रूने केला नाही, तो असा मित्राने केला. आणि यात आपलीही चूक आहे, ती मान्य करू. आपल्यातल्या अनेकांनी म्हटले, कायदे चांगले आहेत ना, मग ते कसे आणले याची चौकशी कशाला? चौकशी हवी होती. कारण न विचारता दिलेले स्वातंत्र्य न विचारता काढूनही घेता येते. बाजाराचे स्वातंत्र्य आणि बोलण्याचे, जमण्याचे, विरोध करण्याचे स्वातंत्र्य ही एका जुवाची जोडी आहे. एकच बैल जुंपून तास सरळ निघत नाही.

दोन्ही तट आपल्याविरुद्ध

आजचे राजकारण पाहा. एक तट म्हणतो, हमीभावाचा कायदा करा आणि सगळे सरकारनेच घ्यावे. दुसरा तट उद्योगपतीला मोकळीक देतो आणि शेतकऱ्याला "अन्नदाता" म्हणून आरती ओवाळतो. भांडण दिसते कडाक्याचे, पण कांदा महाग झाला की दोघेही निर्यातबंदी मागतात. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद झाली, तेव्हा शहरातल्या मतदाराला दुखवून तिच्याविरुद्ध बोलणारे किती निघाले? डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीन, हरभरा, मोहरी यांसह सात मालांचे वायदे बंद केले आणि ती बंदी मुदतीमागून मुदत वाढवत नेली. पुढचा भाव आज कळण्याची एकमेव खिडकी बंद झाली. त्यावर कोणत्या पक्षाने संसद अडवली?

"उदारमतवादी" हा शब्द तर आता शिवीसारखा वापरतात. एकीकडे तो देशद्रोही, दुसरीकडे तो भांडवलदाराचा दलाल. जातीच्या, धर्माच्या नावाने मोर्चे लाखांचे निघतात. कापसाच्या भावासाठी माणसे मोजून येतात. राग खरा आहे, शेती परवडत नाही म्हणूनच तो आहे, पण त्याला वाट मात्र शेजाऱ्याच्या घराची दाखवली जाते.

बैलाचेच घ्या. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात बैल कापण्यावर बंदी आहे. म्हातारा बैल विकून त्यात भर घालून नवा घ्यायचा, हा कोरडवाहू शेतकऱ्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब. तो मोडला. गिऱ्हाइकाला रस्त्यात अडवून मारहाण करण्याचा धाक बसला. २०२५ च्या पावसाळ्यात कुरेशी व्यापाऱ्यांनी खरेदी थांबवली तेव्हा जनावरांचे बाजार ओस पडले आणि हातातली जित्राबे शेतकऱ्याने परत आणली. ज्याला तुम्ही परका म्हणून हाकलले तो तुमच्या बैलाचा भाव होता. पोटच्या पोरासारखा बैल सांभाळणारे आपण आहोत. त्याच्यावरचे प्रेम आम्हाला कोणी शिकवू नये. पण वस्तू माझी आणि विकायची की नाही ते दुसरा ठरवणार, तर ती माझी कशी? गिऱ्हाइकाचा धर्म पाहणारा बाजार मोकळा नसतो. ज्यांना बाजार मोकळा हवा आणि शेजारी मात्र धाकात हवा, त्यांनी आपल्याबरोबर येऊ नये.

बियाण्याचे स्वातंत्र्य

२००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली तेव्हा आम्ही कृषी महाविद्यालयात होतो. सरकारने दिली म्हणण्यापेक्षा शेतकऱ्याने घेतली म्हणावे. आदल्या वर्षी गुजरातेत परवानगीविना लावलेला बीटी उभा सापडला होता. २००२-०३ मध्ये देशात १३६ लाख गाठी कापूस झाला, २०१३-१४ मध्ये ३९८ लाख. सगळे श्रेय बीटीचे नाही; क्षेत्र वाढले, गुजरातेत पाणी आले. पण त्यानंतर नवे काही आले नाही. २०१० मध्ये बीटी वांग्याला स्थगिती दिली. बांगलादेशाने २०१३ मध्ये तेच वांगे मंजूर केले. तणनाशक सहन करणाऱ्या कापसाचा अर्ज कंपनीने २०१६ मध्ये मागे घेतला. आज तेच बियाणे चोरून, बिलाविना, उगवण्याच्या हमीविना गावोगाव विकले जाते. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात अकोली जहागीर येथे शेतकऱ्यांनी ते उघडपणे पेरले, तर गुन्हे दाखल झाले.

कृषीचा पदवीधर म्हणून आपल्याही चुकीचे बोलू. बीटीच्या पाकिटाबरोबर बिगर बीटीचे छोटे पाकीट यायचे, बांधाच्या कडेने लावायला, म्हणजे बोंडअळीत प्रतिकार लवकर तयार होऊ नये. किती जणांनी लावले? बहुतेकांनी फेकले. त्यात फरदड एप्रिलपर्यंत उभी ठेवली. गुलाबी अळीने २०१७ मध्ये त्याचा हिशेब चुकता केला. निवड करण्याचा अधिकार मागणाऱ्याने निवडीचे परिणाम अंगावर घ्यायला शिकले पाहिजे. सरकारला दोष देऊन आपले बोंड वाचत नाही.

मग अमेरिकेचे काय?

विरोधक विचारतात, जगच दारे लावत असताना तुम्ही कसला खुला बाजार मागता? प्रश्न खरा आहे. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकाला अनुदान देते. ब्राझीलने त्याविरुद्ध २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला, जिंकला आणि २०१४ मध्ये ३० कोटी डॉलरवर तडजोड झाली. लहानाने थोराला नियमाने धरले. पण त्या संघटनेचे अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे, कारण अमेरिकेने पंचांच्या नेमणुकाच रोखल्या. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच अमेरिकेने भारतीय मालावरचा कर ५० टक्क्यांवर नेला. तो फटका कापड गिरणीला बसला, आणि गिरणीने तो कापसाच्या भावात आपल्याकडे ढकलला.

यावरून शिकायचे काय? आपणही दारे लावावीत? बळवंताला नियम नकोच असतो. त्याचे काठीने भागते. नियम हवा असतो दुबळ्याला. पाच एकरांच्या कोरडवाहूवाल्याइतकी नियमाची गरज जगात कोणाला नाही.

बिहारने २००६ मध्ये बाजार समितीचा कायदा रद्द केला, तरी तिथल्या शेतकऱ्याचे भाव उभे राहिले नाहीत, हेही आम्हाला ऐकवतात. बरोबर आहे. कायदा काढला म्हणजे बाजार उभा राहत नाही. रस्ता, गोदाम, खरा काटा, आणि पैसे बुडवणाऱ्याला वेळेत शिक्षा देणारे न्यायालय, एवढे लागते. सरकारने एवढेच करावे. ते हे सोडून बाकी सगळे करते.

बाबा, तुमचे उत्तर

आता त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला. बाबा, आज सीसीआयच्या केंद्रावर जा. ज्याने खड्ड्यात ढकलले त्याने दोर टाकला तर तो धरण्यात लाज नाही. पण दोर धरला म्हणून खड्डा चांगला म्हणू नका. ते केंद्र चार गिऱ्हाइकांपैकी एक असावे. एकुलते एक झाले की त्याचे काय होते, ते तुम्ही बंडीखाली झोपून पाहिले आहे.

जिल्हा बैठकीपुढे आम्ही चार ठराव मांडतो आहोत. एक: हंगाम सुरू झाल्यावर कापूस, कांदा, डाळी, सोयाबीन यांच्या आयात-निर्यातीचे नियम बदलू नयेत, बदलायचे तर पेरणीपूर्वी जाहीर करावेत, आणि मध्येच बदलले तर नुकसान भरून द्यावे. दोन: वायदे बाजार पुन्हा बंद करता येणार नाहीत अशी कायदेशीर तरतूद व्हावी. तीन: नव्या बियाण्याच्या अर्जावर ठरलेल्या मुदतीत हो किंवा नाही, कारणासह. चार: बैलाच्या मालकाला बैल विकण्याचा हक्क परत मिळावा, आणि रस्त्यात अडवणाऱ्यांवर गुन्हे दाखल व्हावेत.

चौथ्या ठरावावरून वाद होईल, आम्हाला माहीत आहे. व्हावा. ज्यांना पटणार नाही त्यांनी उभे राहून तसे सांगावे. त्यांचे पूर्ण ऐकून घेतले जाईल आणि हात वर करून मोजणी होईल. राज्यसभेत झाले नाही ते आपल्या बैठकीत होईल. गावातून एक तरी बाई आणि एक तरी तिशीच्या आतला पोरगा घेऊन या, भाकरी बांधून आणा.

मोकळ्या बाजाराला दिल्लीत वाली नाही, मुंबईत नाही. ज्याला विकायचे आहे आणि ज्याला "नाही" म्हणता आले पाहिजे, तोच त्याचा वाली. म्हणजे तुम्ही आणि आम्ही.